रिकाम्या चौकाचं चित्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या दिवाणखान्यात मामाने काढलेलं एक तैलचित्र आहे. २४ बाय ३६ इंच, आडवं. जुन्या नाशकातल्या एका वाड्याचा चौक, आणि चित्रात माणूस नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते. रविवारी काही मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीला घरी येतात, आणि ती बोर्ड-पेन्सिली काढेपर्यंत त्यांचे आईबाबा या चित्रासमोर उभे राहतात. मग प्रश्न सुरू होतात. चित्राचा फोटो टाकल्यापासून न पाहिलेल्या लोकांचेही प्रश्न येतात. तेच तेच आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

चित्रात नेमकं काय काय दिसतं?

आपण एका ओसरीवर आहोत. समोर चौक, काळ्या दगडाच्या फरशीचा. मधोमध तुळशी वृंदावन, त्यात तुळस आहे की वाळलेली काडी ते कळत नाही. चौकापलीकडे समोरची ओसरी, तिचे दोन सुरूच्या झाडाच्या घाटाचे लाकडी खांब, खांबांवर कोरलेली केळफुलं, आणि त्यामागे एक बंद दार. वर माडीचा लाकडी कठडा आणि कठड्याला बांधलेली वाळवणाची दोरी. दोरीवर काही नाही. डावीकडची बाजू पूर्ण सावलीत आहे. उजव्या कडेला उन्हाची एक अरुंद पट्टी आहे. ती फरशीवरून जोत्यावर चढते आणि ओसरीत शिरते. तिथेच जोत्याला टेकवून एक सूप ठेवलंय.

याचा अर्थ काय?

लोक हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. मी तो बाजूला ठेवते आणि त्यांनाच विचारते, तुम्ही कुठे बसलाय?

‘उभे आहात’ असं म्हणत नाही, कारण चित्रातच उत्तर आहे. फोटोची छापील प्रत घ्या, पट्टी घ्या. फरशीचे आत जाणारे सांधे, दोन्ही बाजूंच्या जोत्यांच्या कडा, वरच्या वळचणीच्या रेषा, सगळ्या पेन्सिलीने पुढे वाढवा. त्या एका ठिकाणी येऊन मिळतात : समोरच्या बंद दारावर, कडीच्या वीतभर खाली. तिथून आडवी रेघ मारली की ती चित्रकाराच्या डोळ्यांची पातळी. ती रेघ समोरच्या सात फुटी खांबांना तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर कापते. सगळ्या ओसऱ्या एकाच उंचीच्या आहेत, म्हणजे मामाचे डोळे ओसरीच्या जमिनीपासून अडीच फुटांवर होते. तो मांडी घालून बसला होता.

याने काय फरक पडतो? पुष्कळ. उभा माणूस चौक ओलांडून जाणारा असतो. मांडी घातलेला माणूस घरचा असतो, किंवा त्याला घाई नसते, किंवा त्याला बाहेर जाऊन बस असं सांगितलेलं असतं. रिकाम्या वास्तूच्या चित्रात भाव दाखवायला चेहरा नसतो; चेहऱ्याचं काम पाहणाऱ्याच्या जागेला करावं लागतं.

दुपार आहे आणि हिवाळा आहे, हे कशावरून म्हणता?

हा माझा आवडता प्रश्न, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

वाड्याचं रस्त्याकडचं दार पूर्वेला होतं. आपण पूर्वेच्या ओसरीवर बसून पश्चिमेकडे बघतोय. म्हणजे डावा हात दक्षिण, उजवा उत्तर. आता नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी इथे भर मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशच वर चढतो, तोही दक्षिणेकडून. अशा वेळी उभ्या वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी पडते. वाड्याच्या दक्षिण बाजूची वळचण पंधरा-सोळा फुटांवर, आणि चौक अठरा फूट रुंद. करा हिशोब. सावली चौक ओलांडून जवळजवळ पलीकडे पोचते आणि उत्तरेच्या जोत्यालगत दोन-तीन फुटांचं ऊन उरतं. चित्रातली पट्टी नेमकी तेवढी आहे.

मे महिन्यात हे चित्र निघालंच नसतं. २० मेच्या आसपास नाशकात सूर्य मध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते आणि सगळा चौक तापलेल्या तव्यासारखा दिसतो.

राहिली वेळ. उजव्या ओसरीतल्या खांबांच्या सावल्या सरळ आत न पडता आपल्याकडे कललेल्या आहेत. म्हणजे ऊन समोरून, पश्चिमेकडून येतंय. शिवाय उन्हाची पट्टी चौकाच्या पलीकडच्या टोकाला पोचतच नाही, अलीकडे सात-आठ फुटांवर तुटते. ती पश्चिमेच्या माडीची सावली. सकाळ असती तर सगळं उलट असतं. माझा अंदाज दोनचा. घड्याळात दोन वाजलेले असतात तेव्हा नाशकात मध्यान्ह होऊन तास-सव्वा तासापेक्षा थोडा जास्तच वेळ झालेला असतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि आपण ७४ च्याही अलीकडे राहतो. पालकांना हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर भूगोलाचा तास दिसायला लागतो, पण मुलं खूश होतात.

कॅनव्हासच्या मागे मामाच्या अक्षरात ‘डिसें. ७८’ लिहिलंय. ते मी हिशोब झाल्यावरच दाखवते.

मग चित्रात एकही माणूस का नाही?

इथे खरी गोम आहे.

चित्र पाहून बहुतेक लोक उसासा टाकतात. ‘वाडे ओस पडले’, ‘गेले ते दिवस’. मला हे वाचन पटत नाही, आणि त्याला पुरावा आहे. १९७८ मध्ये हा वाडा ओस नव्हता. माझी आई सांगते, तेव्हा त्यात अकरा बिऱ्हाडं होती. आजोबा-आजी, मामा, आई आणि तिची तीन भावंडं, अशी सात माणसं दोन खोल्यांत राहायची. चौकात नळ एकच होता आणि पाणी जायच्या आत बादल्या भरायच्या म्हणून रोज भांडणं व्हायची.

आणि हिवाळ्यातलं दुपारचं ऊन! चौकात ऊन असायचं एवढीच एक पट्टी. दोन वाजता त्या दोन-तीन फुटांत कोण बसणार यावरून बायकांमध्ये अबोले धरले गेलेत. म्हाताऱ्या माणसांना तिथे गुडघे शेकायचे असत, बाळंतिणीला बाळ घेऊन बसायचं असे, कुणाचे पापड असत, कुणाच्या गोधड्या. डिसेंबरातल्या दुपारी ती पट्टी मोकळी? अशक्य. दोरीही मोकळी? आईने चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती हसलीच. म्हणाली, “दोरीवर आमच्या परकरांना जागा मिळायची नाही, आणि याने बघ कशी सोडलीये.”

म्हणजे मामाने डोळ्यांसमोर दिसणारं चित्र काढलंच नाही. त्याने अकरा बिऱ्हाडं पुसून टाकली. हे हरवलेल्या वाड्याचं चित्र नव्हेच. वाडा धडधाकट उभा होता, माणसांनी गच्च भरलेला होता. जे त्या घरात कुणालाच मिळत नव्हतं, त्याचं हे चित्र आहे. एक तासभर शांतता. दोन खोल्यांत सहा जणांबरोबर वाढलेल्या तिशीच्या अविवाहित मुलाला ती किती हवी असेल, हे सांगायला कलासमीक्षक लागत नाही.

म्हणजे चित्र खोटं आहे? त्यापेक्षा फोटो बरा नव्हता का?

फोटोत नळ आला असता, मीटरचा बोर्ड आला असता, आणि कॅमेऱ्यासमोर सदरे ओढून उभी राहिलेली पंधरा पोरं आली असती. शिवाय त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यात ऊन नीट आलं तर ओसरी काळीठिक्क, ओसरी दिसली तर ऊन पांढरं फटक. डोळ्याला दोन्ही दिसतं, कारण डोळा एकदा इकडे रुळतो आणि एकदा तिकडे. चित्रकार या दोन्ही नजरा एका कॅनव्हासवर ठेवू शकतो.

खोटं म्हणाल, तर ऊन खरं आहे, मापं खरी आहेत, लाकूडकाम खरं आहे. माणसं तेवढी नाहीत. मला हे प्रमाण महत्त्वाचं वाटतं. स्वप्न रंगवायचं असतं तर त्याने चौक मोठा केला असता, तुळस हिरवीगार केली असती. ते काही केलं नाही. जागा आहे तशी ठेवली आणि वेळ तेवढी मागून घेतली.

चित्रात आधी कुणीतरी होतं, असं तुम्ही म्हणाला होतात. ते खरं आहे का?

खरं आहे. संध्याकाळी दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च चित्राच्या उजव्या कडेला, कॅनव्हासला अगदी समांतर धरला की उन्हाच्या पट्टीत रंगाचे उंचवटे दिसतात, आणि ते फरशीचे नाहीत. वाकलेली पाठ, उभा ठेवलेला एक गुडघा. गेल्या काही वर्षांत तर टॉर्च न लावताही त्या जागेचं ऊन किंचित मळकं वाटतं. तेलाचा थर म्हातारा होतो तसा तो थोडा पारदर्शक होत जातो, आणि खालचं झाकलेलं वर डोकावू लागतं. मोठमोठ्या चित्रांत असे झाकलेले हात, पाय, अख्खी माणसं सापडलेली आहेत.

ती आजी आहे. एक गुडघा उभा ठेवून निवडायला बसायची पद्धत तिचीच. मी लहानपणी खूप वेळा पाहिलीये. मामाने आधी शेजारीपाजारी सगळे काढून टाकले आणि स्वतःच्या आईला, म्हणजे आजीला, ठेवलं. मग कधीतरी तिलाही झाकलं.

हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, राग म्हणा हवं तर. आता तसं वाटत नाही. ज्या बाईला आयुष्यात एकदाही मोकळी बसलेली पाहिली नाही, तिला चित्रातून तरी उठू दिलं, असंही म्हणता येईल. की त्याला खरोखर कुणीच नको होतं? मी दोन्ही वाचनं करते, दिवसावर अवलंबून.

आणि सूप का ठेवलं?

आजीबरोबर सूपही झाकता आलं असतं, एका दुपारचं काम. ठेवलं. सूप जमिनीवर पसरलेलं नाही, टेकवून उभं केलेलं आहे, म्हणजे काम संपलंय किंवा कुणीतरी ‘आले’ म्हणून उठलंय. रिकाम्या जागेच्या चित्रात अशी एखादी वस्तू असतेच. ती नसेल तर जागा रिकामी वाटत नाही, नुसती इमारत वाटते. आधी वस्तू शोधा, मग ती कुणी तिथे ठेवली ते विचारा. बाकी प्रतीकबितीक मला त्यात दिसत नाही. एका गृहस्थांनी सुपावर आध्यात्मिक अर्थ सांगितला होता, असार पाखडून सार ठेवणे वगैरे. आजीने ऐकलं असतं तर गहू निवडायला दिले असते.

रंगांतून शांतता कशी तयार होते?

शांतता हा विषय नसतो, ती करावी लागते. कुरूप बस स्टँडही शांत रंगवता येतो आणि देऊळही गोंगाटाने भरता येतं.

मामाने काय केलं ते चित्रातच दिसतं. एक, त्याने आडव्या रेषा ठळक केल्या : जोतं, कठडा, वळचण, दोरी. तिरक्या रेषा आहेत, पण त्यांच्या कडा त्याने मऊ सोडल्यात. जिना चित्रात नाहीच. तो डाव्या बाजूला होता असं आई सांगते, आणि जिन्याची तिरकी रेघ आली असती तर डोळा त्यावरून धावत वर गेला असता. दुसरं, रंग इनमीन चार-पाच. यलो ओकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि पांढरा. काळा रंग ट्यूबमधून घेतलेलाच नाही. सावलीतला सगळा अंधार अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून केलाय, म्हणून तो मेलेला दिसत नाही. जवळ गेलात तर डाव्या बाजूच्या सावलीत निळसर, जांभळट, तपकिरी असे थर दिसतील. लांबून ते एकमेकांत मिसळून नुसता गारवा होतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. चित्राचा तीन-चतुर्थांश भाग जवळजवळ एकाच उजळपणाचा आहे. फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. वृंदावन, फरशी, डावी ओसरी, समोरचं दार, सगळं राखाडीच्या शेजारशेजारच्या छटांत विरघळतं. उजेडाचा आवाज चढतो तो फक्त त्या पट्टीत. दिवसभर मंद चाललेल्या घरात एकच भांडं पडावं, तसा.

आणि रंगाची जाडी. सावली पातळ, टर्पेंटाइनने पसरलेली, काही ठिकाणी कॅनव्हासचं विणकाम दिसतं. ऊन मात्र जाड, सुरीने लावलेलं. त्या जाडीत आजी आहे म्हणूनही असेल.

तैलरंगच कशाला? जलरंगात झालं नसतं का?

नाशिकला हा प्रश्न पडणारच. शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रं पाहत इथल्या चित्रकारांच्या पिढ्या वाढल्या. घाट, पाणी, ओली दुपार म्हटलं की आपल्याला जलरंगच आठवतो. मामाही एरवी जलरंगातच काम करायचा.

पण जलरंगात उजेड म्हणजे कागद. ऊन हवं तिथे कागद कोरा सोडायचा, आणि एकदा रंग लागला की ते ऊन गेलं. आजीला काढून मग तिच्यावर ऊन पसरणं जलरंगात जमलंच नसतं. तैलरंगात माणूस मत बदलू शकतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेत घेत सावकाश घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस, जाड थराला कितीतरी महिने. तेवढा वेळ चित्रकार त्या खोलीत राहतो.

अर्थात माध्यमावरून फार ठाम बोलू नये. हातात समई घेतलेल्या बाईचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते प्रसिद्ध चित्र लोक बिनदिक्कत तैलरंगातलं आणि रविवर्म्याचं समजतात. ते आहे जलरंगात, आणि काढलंय आपल्या सावळाराम हळदणकरांनी.

परदेशात कुणी अशी चित्रं काढली आहेत का?

पुष्कळ. त्यातले दोघे सांगते, कारण ते या चित्राच्या जवळचे आहेत.

डेन्मार्कचा विल्हेल्म हामरशोय (१८६४–१९१६). कोपनहेगनमध्ये स्ट्रँडगेड नावाच्या रस्त्यावर ३० नंबरच्या घरात तो १८९८ ते १९०९ राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. राखाडी भिंती, पांढरी दारं, कधी पाठमोरी बायको, कधी तीही नाही. १९०० सालच्या त्याच्या एका चित्रात नुसती खिडकी आहे, बंद दार आहे आणि उन्हाच्या तिरीपेत तरंगणारी धूळ. त्याचं ऊन उत्तरेकडच्या देशाचं, क्षीण, दुधाळ. आपल्याकडे ते मुंबई-आग्रा रोडवर जानेवारीच्या धुक्यात सकाळी तेवढं दिसतं.

दुसरा हॉलंडचा पीटर साएनरेडाम (१५९७–१६६५). याने चर्चचे आतले भाग रंगवले. जागेवर बसून मापं घेऊन रेखाटनं करायची आणि चित्र कित्येकदा बऱ्याच वर्षांनी करायचं, अशी त्याची पद्धत. पांढऱ्याशुभ्र भिंती, उंच खांब, खाली मुंगीएवढी माणसं. पाहताना वाटतं केवढी ही निवांत जागा. पण त्या भिंती पांढऱ्या का? सोळाव्या शतकात धर्मसुधारणेच्या लाटेत तिथल्या मूर्ती फोडल्या गेल्या, चित्रं उतरवली गेली आणि भिंतींना चुना फासला गेला. त्या शांततेच्या खाली एक दंगल आहे.

द किरिको या इटालियन चित्रकाराचे रिकामे चौकही लोक सुचवतात. तिथल्या सावल्या धाक घालतात. मामाच्या चौकात मला भीती वाटत नाही, म्हणून ती तुलना मी सोडून देते.

देवळाच्या रिकाम्या आवाराचं चित्र असंच वाचायचं का?

हो, पण एक प्रश्न जास्त विचारायचा : इथे कुणाला येऊ दिलं जात नव्हतं? आमच्या रविवारच्या मुलांपैकी एकाने काळाराम मंदिराच्या ओवऱ्या रंगवल्या होत्या, दुपारच्या, सुनसान. छान जमल्या होत्या. त्याला मी त्याच दगडी कोटाबाहेर २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या सत्याग्रहाबद्दल सांगितलं. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं दाराबाहेर उभी होती आणि दारं बंद होती. पुढच्या वेळी त्याने तेच चित्र काढलं, फक्त दरवाजा चित्रात घेतला. मी काही सुचवलं नव्हतं.

वाड्यालाही हे लागू आहे. ओसरी, माजघर, देवघर या नुसत्या खोल्या नव्हत. कोण कुठपर्यंत येणार याच्या त्या हद्दी होत्या. मामाच्या चित्रात समोरचं दार बंद आहे. तो मालकांचा भाग. भाडेकरूंना तिकडे मज्जाव होता.

रिकाम्या घराचं चित्र घरात लावणं वास्तुशास्त्राप्रमाणे अशुभ असतं का?

आमच्याकडे ते सतरा वर्षं लावलेलं आहे. सगळे ठणठणीत आहेत. मला गुडघेदुखी आहे, ती आजीचीही होती.

हा वाडा कुठे आहे? बघता येईल का?

जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकाच्या बाजूला होता, आता नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडणं परवडेना, आणि मधल्यामध्ये लाकूड कुजत राहिलं. जुन्या नाशकातल्या कितीतरी वाड्यांची हीच गोष्ट. पावसाळा तोंडावर आला की धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात आणि एखाद्या रात्री कुठलीतरी माडी बसते. आमच्या वाड्याचीही पश्चिमेची बाजू अशीच बसली, सुदैवाने कुणी आत नव्हतं. आज तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट आहेत.

पेशवाई लाकूडकाम आणि दगडी जोतं प्रत्यक्ष बघायचं असेल तर सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्यात जा. आत चौकाच्या कडेला दहा मिनिटं बसा, आणि उभ्याने व बसून असं दोनदा बघा. रंगपंचमीला तिवंध्याला गेलात तर एक गंमत दिसेल. वर्षभर ज्या जमिनीवरून आपण स्कूटर नेतो तिच्याखालून पेशवेकालीन रहाड उघडते, आणि पोरं धपाधप त्या रंगाच्या हौदात उड्या घेतात. दुसऱ्या दिवसापासून परत शांत रस्ता.

मला चित्र पाहून उदास वाटलं. माझं चुकलं का?

वाटणं चुकत नाही. पण ‘मला उदास वाटलं’ आणि ‘चित्र उदासीचं आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यासाठी चित्रातली जागा दाखवावी लागते. एका काकांना मी विचारलं, उदासी नेमकी कुठे आहे? त्यांनी बराच वेळ बघून दोरीवर बोट ठेवलं. त्यांची बायको गेल्यापासून त्यांच्या गॅलरीतली दोरी रिकामी असते, असं ते म्हणाले. ते वाचन मी खोडून काढणार नाही. मामाला मात्र ती दोरी सुखाची वाटली असावी.

विकणार का? किंमत किती?

नाही.

पावसाळ्यात अशा चित्राची काळजी कशी घ्यायची?

बाहेरच्या भिंतीवर लावू नका. नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये त्या भिंतींना ओल येते आणि कॅनव्हासला मागून बुरशी धरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. ओलं फडकं कधीही लावू नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस. देवघरातल्या उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातली फोडणी, दोन्हीपासून लांब. मात्र कपाटात गुंडाळून अंधारातही ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळट पडतं.

आम्ही एकदा फसलोय. नवीन फ्रेम करायला दिली तर दुकानदाराने आपलेपणाने पुढून काच बसवली, रंगाला चिकटून, आणि मागे प्लायवूड ठोकून सगळं बंद केलं. एका पावसाळ्यात आत वाफ धरली. काच काढताना वळचणीचा नखाएवढा रंग तिच्याबरोबर निघाला. ती जागा मी रंगवलेली नाही. नवं नवंच दिसतं.

चित्र प्रत्यक्ष बघायला येता येईल का?

ओळखीतून, आधी कळवून, रविवारी दुपारी या. फ्लॅश नको. चित्र आम्ही नेहमीपेक्षा बरंच खाली लावलंय, त्याबद्दल प्रत्येकजण विचारतो. मामाची नजर ज्या उंचीवर होती त्याच उंचीवर ते आहे. म्हणून सोफ्यावरून नीट दिसत नाही. समोर सहा फुटांवर एक पाट ठेवलेला असतो. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी बुटकं स्टूल आहे.